परीक्षेची साक्ष आणि माणसाचा शब्द

मूत्रपरीक्षेसारखा विषय आपल्या पत्रिकेत घ्यावा की घेऊ नये, याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो. देवळाच्या पत्रिकेत हा शब्द वाचणेही काही वाचकांस रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. तथापि आपल्या वैद्यांनी या गोष्टीचा संकोच कधी बाळगला नाही. नाडी, मूत्र, मल, जिह्वा, शब्द, स्पर्श, दृष्टी आणि आकृती अशी रोग्याची अष्टविध परीक्षा त्यांनी सांगितली आहे. आणि योगरत्नाकर या ग्रंथात तर मूत्रात तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो यावरून रोग साध्य की असाध्य हे पाहण्याची रीतही वर्णिली आहे. शरीर जे बाहेर टाकते त्यात आतील घडामोडींची खूण असते, ही समजूत जुनीच आहे. नवे आहे ते इतकेच की, पूर्वी या परीक्षेतून वैद्य रोग शोधीत असे. आज त्याच परीक्षेतून माणसाने दिलेला शब्द पाळला की मोडला हेही शोधले जाते. रोगाची परीक्षा आणि शब्दाची परीक्षा या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांतील अंतर मला गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने दिसले. तो प्रसंग सांगून त्यातून निघणारा प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वस्तीतील एक गृहस्थ बडोद्यात वीस वर्षे शाळेच्या मुलांची रिक्षा चालवीत आहेत. मुले त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही काकाच म्हणतो. माझी धाकटी बहीण त्यांच्याच रिक्षाने शाळेत जाते. मध्यंतरी काकांना दारूचे व्यसन जडले. आपल्या राज्यात दारूबंदी आहे. पण दारूबंदी आहे म्हणून दारू मिळत नाही असे नाही, हे येथे राहणाऱ्यांस सांगावयास नको. एके दिवशी रिक्षा रस्त्याच्या दुभाजकाला घासली. मुले सुखरूप राहिली, पण गोष्ट उघड झाली. काका व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आले आणि पुन्हा काम मागू लागले. पालकांनी एक अट घातली. दर पंधरा दिवसांनी मूत्रपरीक्षा करावी आणि तिचा अहवाल दोन वडीलधाऱ्या पालकांस दाखवावा. काकांनी ती अट विनातक्रार मान्य केली. “मुलं तुमची आहेत, तुम्ही विचारलंच पाहिजे,” असे ते म्हणाले.

चार महिने अहवाल निर्दोष येत गेले. पाचव्या महिन्यात मात्र मद्यसेवनाची खूण आढळली. काका मुलाबाळांची शपथ घेऊन सांगू लागले की, आपण एक थेंबही घेतलेला नाही. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून रिक्षा रिकामी जाऊ लागली. त्या सायंकाळी काका आमच्या दारावरून जात असता मी खिडकीपाशी उभा होतो. त्यांनी वर पाहिले आणि मी आत सरलो. हे मला येथे कबूल केलेच पाहिजे. कारण पुढील सर्व विचार त्या एका पावलातून सुरू झाला.

आता ही परीक्षा काय पाहते, ते प्रथम समजून घेऊ. माणूस मद्य पितो तेव्हा त्यातील मद्यार्काचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग यकृत जाळून टाकते. थोडासा भाग श्वास, घाम आणि मूत्र यांवाटे तसाच बाहेर पडतो. मूत्रात प्रत्यक्ष मद्यार्क शोधावयाचा तर तो साधारण अर्ध्या-एका दिवसात नाहीसा होतो. श्वासयंत्रास तर काही तासांपलीकडचे काहीच कळत नाही. म्हणजे शनिवारी रात्री प्यालेला मनुष्य सोमवारी सकाळी या दोन्ही परीक्षांस निर्दोष दिसतो. परंतु मद्यार्काचा एक अत्यल्प अंश, हजारात एकाहूनही कमी, यकृतात एका आम्लाशी जोडला जाऊन त्याचे इथाइल ग्लुकुरोनाइड नावाचे द्रव्य बनते. हे द्रव्य मूत्रात दोन-तीन दिवस, आणि पुष्कळ मद्य घेतले असेल तर त्याहूनही अधिक काळ सापडू शकते. त्याचे एक भावंड आहे, इथाइल सल्फेट. या दोहोंचा शोध घेणे म्हणजेच अलीकडील मद्यसेवनाची मूत्रपरीक्षा. मोजमापही किती सूक्ष्म! एका मिलिलिटरमध्ये १०० किंवा ५०० नॅनोग्रॅम ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी धरतात; आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग होय.

अशी परीक्षा मागणे हाच मुळी माणसाचा अपमान आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. व्यसनी माणूस खोटे बोलतो तो स्वभावाने दुष्ट असतो म्हणून नव्हे. खोटे बोलणे हे त्या रोगाचेच एक लक्षण असते. तो इतरांशी खोटे बोलण्यापूर्वी स्वतःशी खोटे बोललेला असतो. ज्याच्या हाती दहा मुलांचे प्राण आहेत, अथवा जो शस्त्रक्रियेसाठी हाती सुरी धरतो, त्याच्या केवळ शब्दावर विसंबणे हे औदार्य नव्हे, ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली उदारता होय. अमेरिकेत व्यसनातून उठलेल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना पुन्हा कामावर घेताना काही वर्षे अशी परीक्षा देत राहावे लागते. त्यात एक करुणाही आहे. परीक्षेची सोय नसती तर त्यांना कायमचेच घरी बसविले गेले असते. ज्याचा शब्द एकदा मोडला आहे, त्याला तो पुन्हा उभा करण्यास काही आधार लागतो. निर्दोष अहवालाचा कागद हा तसा आधार आहे. आमच्या काकांच्या घरीही पूर्वी रोज सायंकाळी काकू त्यांच्या तोंडाचा वास घेत असत. अहवाल येऊ लागल्यापासून ते बंद झाले, आणि त्या गोष्टीचे काकांना किती समाधान वाटले ते त्यांनीच मला सांगितले होते. म्हणून परीक्षेस माझा विरोध नाही. प्रश्न आहे तो परीक्षेच्या उत्तराचे आपण काय करतो, हा.

अमेरिकेतीलच अनुभव पाहा. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ही नवी परीक्षा तेथे वेगाने पसरली, आणि लवकरच असे दिसू लागले की ती फार तीक्ष्ण आहे. मद्याचा पेला आणि मद्यार्क असलेले चूळ भरण्याचे औषध यांत तिला भेद करता येत नाही. २००६ साली तेथील केंद्र सरकारच्या व्यसनोपचारविषयक संस्थेने सूचना काढली की, केवळ या एका परीक्षेवरून कोणी मद्य घेतले असे ठरवून त्याच्यावर कारवाई करणे योग्य नव्हे. पुढे २०११ साली फ्लोरिडातील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ११ स्वयंसेवकांनी तीन दिवस, दररोज दहा तास, दर पाच मिनिटांनी मद्यार्कयुक्त जंतुनाशकाने हात धुतले. मद्याचा थेंब न पिताही त्यांपैकी काहींच्या मूत्रात ही खूण ५०० नॅनोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेली. हातावरून उडणारी वाफ श्वासावाटे आत जात होती. आता विचार करा. जिला आपले हात दिवसभर असे स्वच्छ ठेवणे हेच कर्तव्य म्हणून शिकविले जाते, त्या परिचारिकेने ते कर्तव्य बजावले आणि त्याचाच तिच्याविरुद्ध पुरावा झाला, तर तिने दाद कोठे मागावी?

याहूनही विलक्षण हकीकत पिट्सबर्ग येथील आहे. ती २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ६१ वर्षांची एक स्त्री यकृताच्या असाध्य विकाराने आजारी होती आणि यकृतरोपणाच्या यादीत नाव लागावे म्हणून रुग्णालयात आली होती. तिच्या मूत्रात पुनःपुन्हा मद्यार्क सापडे. ती म्हणे, मी मद्य घेत नाही. डॉक्टर म्हणत, ही आपले व्यसन लपवीत आहे. रोपणासाठी मिळणारी यकृते थोडी आणि मागणारे पुष्कळ. तेव्हा डॉक्टरांचा संशय दुष्टपणाचा होता असे म्हणता येत नाही. तिला व्यसनावर उपचार घेण्याचा सल्ला देण्यात आला. परंतु पिट्सबर्गच्या डॉक्टरांना काही गोष्टी खटकल्या. मूत्रात मद्यार्क भरपूर, पण ती स्त्री नशेत दिसत नसे. रक्तात मद्यार्क नव्हता. आणि यकृतात बनणारी ती दोन द्रव्ये, जी मद्य प्याल्यास मूत्रात आलीच पाहिजेत, तीही नव्हती. तिला मधुमेह होता व तो आटोक्यात नव्हता, त्यामुळे मूत्रात साखर उतरत होती. आणि मूत्राशयात किण्वाने, म्हणजे पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या एका जवळच्या नातलगाने, ठाण मांडले होते. डॉक्टरांनी तिचे मूत्र शरीराइतक्या उष्णतेत ठेवून पाहिले. त्यात मद्यार्क वाढत गेला. साखर आंबून तिच्या मूत्राशयातच मद्यार्क तयार होत होता! ती बाई प्रथमपासून खरेच बोलत होती. त्यानंतर रोपणासाठी तिचा पुन्हा विचार होऊ शकला.

या हकीकतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, परीक्षेने खोटे काहीच सांगितले नव्हते. मूत्रात मद्यार्क आहे, असे ती म्हणाली. आणि तो खरोखरच होता. खोटा होता तो माणसांनी काढलेला निष्कर्ष. दुसरी ही की, त्या स्त्रीस सोडविले तेही परीक्षेनेच, पण दुसऱ्या परीक्षेने. आणि ती दुसरी परीक्षा कोणी मागितली? तिचे म्हणणे खरे असू शकेल, असे ज्याच्या मनात क्षणभर आले त्याने. आधी ऐकून घेणे झाले, मग शोध झाला. ऐकून घेतलेच नसते तर दुसरी परीक्षा करण्याचे कोणास सुचलेच नसते.

उलट बाजूचीही चूक होते, हे येथे सांगितले पाहिजे. मूत्रमार्गास काही जंतूंची बाधा झालेली असेल तर ते जंतू इथाइल ग्लुकुरोनाइड खाऊन टाकतात आणि प्यालेला मनुष्य निर्दोष ठरतो. म्हणून जाणते लोक दोन्ही द्रव्ये एकत्र तपासावीत असे सांगतात. याज्ञवल्क्यस्मृतीत साक्षीदार निदान तीन असावेत, आणि एकच असेल तर तो उभय पक्षांस मान्य असावा, असा दंडक आहे. ज्या शास्त्रकारांस प्रयोगशाळा ठाऊक नव्हती, त्यांना एकट्या साक्षीवर निवाडा करण्यातील धोका मात्र चांगला ठाऊक होता.

साक्ष मिळतच नसेल तेथे काय करावे? त्यासाठी आपल्याकडे दिव्ये होती. तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये त्या स्मृतीत आली आहेत. कोशदिव्यात देवाच्या स्नानाचे पाणी आरोपीस पाजीत आणि चौदा दिवसांत त्याच्यावर काही घोर संकट न आले तर तो शुद्ध, असे मानीत. मराठी राज्यात रवा-दिव्य होत असे. कढत तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, हातावर पिशवी बांधून मोहोर करावयाची, आणि काही दिवसांनी हात उघडून पाहावयाचे. आज आपण ते वाचून शहारतो. पण दिव्याच्या मुळाशी जी आशा होती, ती आपल्यातून गेलेली नाही. माणसाच्या बोलण्याचा निवाडा माणसांना करावा लागू नये, ती जबाबदारी दुसऱ्या कोणी उचलावी, ही ती आशा. पूर्वी ती तेलाच्या कढईवर टाकीत. आज आपण ती काचेच्या बाटलीवर टाकतो. बाटली कढईहून फार शहाणी आहे, यात शंका नाही. परंतु निवाडा करण्याचे ओझे आपल्या खांद्यावरून उतरविण्याचे सामर्थ्य तिच्यातही नाही.

बडोदेकरांनी तर हा प्रश्न कायद्याच्या रूपानेही अनुभवला आहे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला, आणि तोच आज आपल्याकडे गुजरातचा कायदा म्हणून चालू आहे. १९५१ साली मुंबईत मोटारीच्या एका अपघातानंतर बेहराम खुर्शीद पेसिकाका या अधिकाऱ्यावर मद्य प्याल्याचा खटला झाला. तोंडाला वास येत होता, हे खरे. पण आपण मद्यार्क असलेले औषधी टॉनिक घेतले होते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५४ साली न्यायालयाने ठरविले की, पोटात गेलेला मद्यार्क निषिद्ध मद्याचाच होता हे सिद्ध करणे सरकारचे काम आहे. पुढे १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात शेकडा ०.०५ वा अधिक मद्यार्क सापडल्यास, तो औषधातून आला हे दाखविण्याचा भार आरोपीवर आला. कोणता नियम बरा, याची चर्चा वकिलांनी करावी. मला त्यातून इतकेच दिसते की, मद्यार्क सापडल्यावरही “तो कोठून आला?” हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे याचा निर्णय माणसांनाच करावा लागतो.

आता काकांकडे वळतो. अहवाल आल्यावर चौथ्या दिवशी काही पालक माझ्या वडिलांकडे आले. प्रकरण पोलिसांत न्यावे असे एकदोघांचे मत होते. बाकीचे म्हणाले, “गुरुजी, त्यांना गाभाऱ्यासमोर उभं करा. देवाच्या पायांवर हात ठेवून खरं काय ते सांगू द्या.” वडिलांनी ते मान्य केले नाही. ते म्हणाले, “देवाला साक्षीला बोलावण्याआधी माणसांनी आपलं काम पुरतं केलं आहे का, ते बघू.” मग त्यांनी काकांना बोलावून घेतले, बसविले, पाणी दिले, आणि विचारले, “गेल्या आठवड्यात तुम्ही काय काय खाल्लं, काय काय औषध घेतलं, ते सगळं आठवून सांगा.” इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. सर्वांनी विचारले होते ते इतकेच, “प्यालात की नाही?”

काकांना पावसाळी खोकला झाला होता. त्यांच्या आईने त्यांना सकाळ-संध्याकाळ दशमूलारिष्ट दिले होते. आपल्या घराघरांत असणारी ही आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात, आणि त्यांत आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क साधारण शेकडा ५ ते १० इतका असतो. म्हातारीने मुलाला औषध पाजले होते. काकांनी आईच्या हातचे औषध घेतले होते. ते दारूत गणले जाईल हे दोघांच्याही स्वप्नात नव्हते. केंद्राच्या डॉक्टरांना विचारता त्यांनी सांगितले की, असे होऊ शकते; अरिष्ट, खोकल्याची औषधे, सर्व बंद करून आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा करा. तशी ती केली. अहवाल निर्दोष आला.

येथे गोष्ट संपली असे वाचकांस वाटेल. तशी ती संपली नाही, आणि याच ठिकाणी मला या विषयातील खरे मर्म दिसते. एका पालकांनी शंका काढली, आणि ती तर्काला धरूनच होती. दुसरा अहवाल निर्दोष आला यावरून एवढेच कळले की, त्या आठ दिवसांत काकांनी काही घेतले नाही. पहिली खूण अरिष्टाचीच होती, दारूची नव्हती, हे त्यावरून कसे सिद्ध होते? कदाचित अरिष्टही घेतले असेल आणि दारूही. या शंकेला उत्तर नव्हते. कोणतीही प्रयोगशाळा त्या गेलेल्या तीन दिवसांत परत जाऊ शकत नाही. ज्ञान जेथवर नेऊ शकत होते, तेथवर आपण पोहोचलो होतो. पुढे उरला होता फक्त काकांचा शब्द. तो घ्यावयाचा की टाकावयाचा?

वडील त्या पालकांना म्हणाले, “तुमची शंका खोटी नाही. पण ती फेडणारी परीक्षा जगात नाही. चार महिन्यांचे अहवाल, अट स्वतःहून पत्करलेली, औषधाची बाटली घरात, आणि म्हातारीचं सांगणं. एवढ्यावर जर आपण त्यांना खरं मानत नसू, तर मग पुढचे अहवाल तरी कशाला मागायचे? ज्याचा शब्द आपण कधीच घेणार नाही, त्याची परीक्षा घेणं हा नुसता छळ आहे.”

हे ऐकताना मला रामायणातील अग्निपरीक्षा आठवली. सीतामाई अग्नीतून शुद्ध होऊन बाहेर आल्या. साक्षात अग्नीने साक्ष दिली, त्याहून मोठी साक्ष ती कोणती? तरीही अयोध्येत कुजबुज सुरूच राहिली, आणि त्या कुजबुजीने त्यांना पुन्हा वनात धाडले. याचा अर्थ मी असा घेतो की, ज्या मनाला विश्वास ठेवावयाचाच नसतो त्याला कोणतीही परीक्षा पुरत नाही. विश्वास हा पुराव्यातून आपोआप निघणारा पदार्थ नव्हे. पुरावा त्याला आधार देतो. पण शेवटचे पाऊल माणसाने स्वतःच टाकावयाचे असते. त्यात फसण्याचा संभव असतो. तो संभव नसता तर त्याला विश्वास म्हणण्याचे कारणच उरले नसते. ती नुसती माहिती झाली असती.

तर मग आपले कर्तव्य काय? परीक्षा मागणाऱ्याने ती खऱ्या कारणासाठीच मागावी. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, अथवा त्या माणसाने स्वतः आधार म्हणून ती स्वीकारली असेल तेव्हा. केवळ कुतूहलाने किंवा वचक बसविण्यासाठी ती मागू नये. कारण दुसऱ्याच्या देखत लघवी करून बाटली भरून देणे यात लज्जेचा जो भाग आहे तो लहान नाही. नमुना ताजा असावा आणि वेळेवर तपासला जावा, कारण साखर उतरलेल्या मूत्रात बाटलीतही आंबण्याची क्रिया होऊ शकते. विपरीत खूण आली तर दुसऱ्या अधिक खात्रीच्या पद्धतीने ती पडताळून पाहावी, आणि तोवर माणसास काढून टाकू नये. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काही दिवस दुसरी व्यवस्था करावी लागली तर करावी. पण ती व्यवस्था असावी, शिक्षा असू नये. त्याचे म्हणणे अहवालाइतक्याच काळजीने ऐकावे. आणि ही गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ देऊ नये. ज्या राज्यात मद्यपान हा अपराध आहे, तेथे असा कागद हाताबाहेर जाणे म्हणजे उपचार घेणाऱ्यास उपचारापासून पळवून लावणे होय.

परीक्षा देणाऱ्याचेही कर्तव्य आहे. त्याने ती अपमान मानू नये. शब्द प्रथम त्याच्याकडूनच मोडला गेला होता. तो काय खातो, कोणते औषध घेतो, हे त्याने आधीच सांगून ठेवावे, आणि अरिष्टासारख्या वस्तूंपासून दूर राहावे. काकांनी आता तसे केले आहे. त्यांच्या आईने अरिष्टाची बाटली उचलून शेजारी देऊन टाकली, आणि दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. आपल्या हातून मुलावर बालंट आले, या दुःखाला कोणती परीक्षा लावावी?

रिक्षा पुन्हा सुरू झाली आहे. सारीच मुले परतली नाहीत. दोन घरांनी दुसरी व्यवस्था केली, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. अहवालही चालूच आहेत, मात्र आता पंधरा दिवसांऐवजी महिन्याने. माझी बहीण पहिल्या दिवशी रिक्षात चढली तेव्हा मी तिला सोडावयास खाली गेलो होतो. काकांनी तिचे दप्तर घेऊन आत ठेवले व माझ्याकडे पाहिले. या वेळी मी आत सरलो नाही. “काका, त्या दिवशी मी खिडकीतून बाजूला झालो होतो,” असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “पाहिलं होतं मी.” मग थोडे थांबून म्हणाले, “उद्या हिला पाच मिनिटं लवकर खाली पाठव. शाळेची वेळ बदलली आहे.”